जुन्या गोव्याची बॉम जिझस बॅसिलिका: पाहायला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून गोव्याला येणारी बहुतेक मंडळी ‘दक्षिण गोवा दर्शन’च्या बसमधून जुन्या गोव्यात उतरतात. गाइड अर्धा तास देतो. त्यात एक चर्च आतून आणि दुसरं बाहेरून बघून होतं, की लगेच मंगेशीकडे निघायचं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एकट्या बॉम जिझसला किमान एक तास द्या, आणि जमलं तर जुन्या गोव्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

हे चर्च नेमकं कुठे आहे आणि तिथे जायचं कसं?

पणजीच्या पूर्वेला साधारण १० किलोमीटरवर, मांडवीच्या काठी. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून ओल्ड गोव्याला जाणाऱ्या आणि फोंड्याकडच्या बस सतत सुटतात. स्वतःची गाडी असेल तर हमरस्ता सोडून रायबंदरमार्गे या. तो रस्ता नदीला लागून जातो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा तिथला लांबलचक बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये घातला आणि आजही त्यावरून वाहनं धावतात. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेचं करमळी स्थानक सगळ्यात जवळचं. मुंबईहून येणाऱ्या काही गाड्या तिथे थांबतात, तिकीट काढताना तेवढं पाहून घ्या.

वेळा काय आहेत? तिकीट आहे का?

तिकीट नाही. पर्यटकांसाठी साधारणपणे सकाळी ९ ते संध्याकाळी ६:३० उघडं असतं. रविवारी सकाळी मिस्सा (सामूहिक प्रार्थनाविधी) असतात, त्यामुळे साडेदहाच्या सुमाराला आत सोडतात. सणांच्या दिवशी वेळा बदलतात. शक्यतो सकाळी उघडल्याबरोबर पोहोचा. अकरानंतर सहलीच्या बस लागतात आणि आत गडबड वाढते, आणि या वास्तूत शांतता असल्याशिवाय काही पाहिल्याचं समाधान मिळत नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही. आत गेलेलं चालतं का? चपला काढायच्या का?

चालतं. धर्म कुणी विचारत नाही. रोज येणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती नसलेले लोक भरपूर असतात. चपला-बूट काढायची गरज नाही. पुरुषांनी टोपी काढावी, बायकांनी डोक्यावरून पदर घेण्याची सक्ती नाही. अनेक जणी दबक्या आवाजात विचारतात म्हणून स्पष्टच लिहिते: मासिक पाळीत चर्चमध्ये जायला कसलीही मनाई नाही.

दाराजवळच्या पात्रातलं पवित्र पाणी मात्र तीर्थ म्हणून पिऊ नका. भाविक त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात, ते प्यायचं नसतं. नारळ, हार, पेढे वेदीपाशी नेऊन ठेवण्याची पद्धत इथे नाही. काही द्यावंसं वाटलं तर दानपेटी आहे.

कपड्यांचं काय?

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. समुद्रावरून थेट इकडे येणाऱ्यांची इथेच अडचण होते. तोकडी चड्डी किंवा बिनबाह्यांचा टॉप घातलेल्यांना दारातून परत पाठवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पिशवीत एक ओढणी आणि एक लांब पँट टाकून ठेवली की काम भागतं.

मिस्सा चालू असेल तर थांबायचं की आत जायचं?

फक्त फिरून बघायचं असेल तर बाहेर थांबा. प्रार्थनेला बसावंसं वाटत असेल तर खुशाल आत जा. मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहिले की उभे राहा, मोबाइल बंद ठेवा. शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन भाकर स्वीकारतात. तिला प्रसाद समजून रांगेत उभे राहू नका. ती कॅथलिक विधीची सर्वांत पवित्र गोष्ट आहे आणि दीक्षित कॅथलिकांपुरतीच आहे. आपण जागेवर बसून राहिलो तर कुणालाही वावगं वाटत नाही.

मिस्सा बहुतेक कोकणीत असते. मराठी माणसाला ती बऱ्यापैकी समजते. कोकणी गायन सुरू झालं की या उंच छताखाली आवाज कसा भरून राहतो, हे एकदा तरी ऐकावं.

हे चर्च सेंट फ्रान्सिस झेवियरचं ना? कधी बांधलं?

चर्च समर्पित आहे बालयेशूला. झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रसारक संताचं शव इथे आहे म्हणून लोक त्याच्या नावाने ओळखतात. बांधणारे जेझुइट पंथाचे धर्मगुरू. काम २४ नोव्हेंबर १५९४ रोजी सुरू झालं आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेक्सू द मेनेझिस यांच्या हस्ते चर्चचं पवित्रीकरण झालं. पैसा मुख्यतः दों जेरोनिमु माश्करेन्यश या कोचीनच्या कप्तानाच्या मृत्युपत्रातून आला. त्याचं स्मारक आत डाव्या भिंतीत आहे, प्रवचनपीठाच्या बरोबर समोर. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात.

१९४६ मध्ये पोपनी या चर्चला ‘बॅसिलिका’ हा मान दिला. १९८६ पासून जुन्या गोव्यातल्या इतर चर्चेस आणि मठांसोबत ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

बाहेरून ते असं लाल, खडबडीत, गिलावा न केलेलं का दिसतं? काम अर्धवट राहिलं होतं का?

नाही. माझ्या मते या चर्चबद्दल विचारण्याजोगा सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे.

समोरच्या सी कॅथेड्रलसारखंच हे चर्चही एके काळी बाहेरून गिलावा केलेलं आणि पांढरं होतं. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या जीर्णोद्धाराच्या कामात बाल्ताझार द काश्त्रु या वास्तुविशारदाने तो गिलावा उतरवला. दगड उघडा पडला की वास्तू अधिक जुनी, अधिक भारदस्त दिसेल, असा त्यामागचा विचार. आज पोस्टकार्डांवर दिसणारं लाल चर्च त्या निर्णयातून आलेलं आहे. ज्यांनी ते बांधलं, त्यांनी ते असं कधीच पाहिलं नव्हतं.

दगड आहे जांभा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या लोकांना चिरा काय असतो हे सांगायला नको. तो खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण त्याला छिद्रं फार. चार महिने कोकणातला पाऊस थेट अंगावर घेत राहिला की तो पाणी पितो, शेवाळतं, आणि कडा झिजत जातात. चुन्याचा गिलावा म्हणजे या दगडाचं अंगावरचं इरलं होतं. ते काढून घेतल्यावर इतकी वर्षं चर्च पावसात उघडं उभं आहे. पुन्हा गिलावा करावा अशी मागणी अनेक वर्षांपासून होते आहे, २०२० मध्ये तर चर्चच्या धर्मगुरूंनीही ती जाहीरपणे मांडली. काहींना लाल रंग हीच चर्चची ओळख वाटते आणि ती पुसली जाऊ नये असं ते म्हणतात. मला गिलाव्याची बाजू पटते. ओळख सत्तर वर्षांची आहे, वास्तू चारशे वर्षांची.

जवळून पाहिलं तर खांब, चौकटी आणि वरचं नक्षीकाम काळसर, घट्ट दगडात आहे. तो बेसॉल्ट, आणि तो आणला वसईहून. जांभ्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून नक्षीसाठी उत्तर कोकणातला काळा दगड जहाजांनी इथवर आला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चेस पाहिलेल्यांना इथे ओळखीच्या खुणा सापडतील.

दर्शनी भागावर अगदी वर ‘आयएचएस’ ही तीन अक्षरं कोरलेली दिसतात. ती येशूच्या नावाची खूण आणि जेझुइटांचं चिन्ह. आत मुख्य वेदीवरही ती आहे, शोधून बघा. उत्तरेच्या बाजूने चक्कर मारली तर भिंतीला रेटा देणाऱ्या मोठाल्या तिरप्या कमानी दिसतात. मूळ बांधकामात त्या नव्हत्या, पुढे आधारासाठी घातल्या.

आत काय काय पाहायचं?

दारातून आत आल्यावर डोक्यावर गाणाऱ्यांचा सज्जा आहे. तो ज्या खांबांवर उभा आहे, त्यांवर काम सुरू झाल्याची आणि पवित्रीकरणाची तारीख लॅटिन आणि पोर्तुगीजमध्ये कोरलेली आहे. मग मधल्या वाटेने सरळ पुढे चला. सभागृह साधं आहे, बाजूला खांबांच्या रांगा नाहीत, त्यामुळे नजर कुठेच न अडता वेदीवर जाते. सोन्याचा मुलामा दिलेली ती वेदी जमिनीपासून छतापर्यंत आहे. खाली बालयेशूची छोटी मूर्ती, तिच्या वर जेझुइट पंथाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती. इग्नेशियसची नजर वर आहे, तिथे तेजोवलयात तीच तीन अक्षरं, आणि त्याहून वर पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. नजर खालून वर सावकाश नेली तर शिल्पकारांनी मनात धरलेला क्रम उलगडतो.

उजवीकडच्या भिंतीवरचं लाकडी प्रवचनपीठ चुकवू नका. त्यावर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार आचार्य कोरलेले आहेत.

शव कुठे आहे? दिसतं का? ते खरंच न कुजलेलं आहे का?

वेदीच्या उजव्या हाताला, दक्षिणेच्या छोट्या चॅपलमध्ये. खाली संगमरवराची समाधी, वर चांदीची पेटी, पेटीच्या आत शव. पेटी इतकी उंचावर आहे की खालून शव नीट दिसत नाही. त्यासाठीच दर दहा वर्षांनी ते खाली आणतात, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पण निराश होऊ नका. समाधी आणि पेटी या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे पाहण्याजोग्या आहेत. समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट दिली. झेवियरच्या डोक्याखालची उशी जेझुइटांनी त्याला दिली होती, तिची ही परतफेड. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हानी बातिस्ता फोज्जिनी याने ती घडवायला दहा वर्षं घेतली आणि १६९८ मध्ये ती इथे आणून जोडली गेली. चारही बाजूंना काशाचे पट आहेत, त्यांवर झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग. वरची चांदीची पेटी मात्र गोव्यातच घडली, १६३६-३७ मध्ये, गोमंतकीय रूपेकारांच्या हातून. तिच्यावरही चांदीच्या पत्र्यात उठवलेले प्रसंग आहेत. खाली फ्लॉरेन्स आणि वर गोवा, दोन्हीकडची कारागिरी एकमेकींवर उभी आहे, आणि इथल्या सोनार-रूपेकारांचं काम त्या इटालियन कामापुढे कुठेही उणं पडत नाही.

आता शवाबद्दल. झेवियरचा जन्म १५०६ मध्ये स्पेनमधल्या नव्हारचा. १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारला. लवकर मांस झडावं म्हणून शव चुन्यात पुरलं होतं. काही महिन्यांनी उकरलं तेव्हा ते टिकून होतं. तिथून ते मलाक्क्याला नेलं आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आलं. भाविकांसाठी हा चमत्कार. काळाच्या ओघात शव सुकत गेलं आहे आणि ते पूर्णही नाही: १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला पाठवला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. १७५९ मध्ये पोर्तुगीजांनी जेझुइटांना हाकलल्यावर त्यांनी जाताना शव पळवलं अशी वदंता पसरली. ती खोडून काढण्यासाठी १७८२ मध्ये पहिल्यांदा शव सर्वांसमोर ठेवलं. शवप्रदर्शनाची प्रथा तिथून सुरू होते.

संभाजी महाराजांचा या चर्चशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो मराठी पर्यटकांना क्वचितच कुणी सांगतं.

१६८३ च्या पावसाळ्यानंतर व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. संभाजीराजांनी त्याला मागे रेटलं. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. हे बेट या चर्चपासून अगदी जवळ, तेव्हा राजधानी असलेल्या जुन्या गोव्याच्या उंबरठ्यावर. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः ते परत घ्यायला गेला, त्याची फौज उधळली गेली, तो जखमी झाला आणि कसाबसा जीव वाचवून परतला. शहरात घबराट पसरली. तेव्हा व्हाइसरॉय या चर्चमध्ये आला, झेवियरची शवपेटी उघडवली, आपला राजदंड संताच्या हाती ठेवला आणि आता गोवा तूच राख म्हणून विनवलं.

मराठी फौजा साष्टी आणि बारदेशात शिरल्या होत्या. पण तेवढ्यात औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठं सैन्य घेऊन घाट उतरला आणि संभाजीराजांना गोवा सोडून त्याच्याकडे वळावं लागलं. पोर्तुगीजांनी सुटकेचं श्रेय संताला दिलं. नव्या गव्हर्नरने पदभार घेताना या शवपेटीपाशी येऊन राजदंड स्वीकारण्याची प्रथा पुढे पडली. त्या चॅपलसमोर उभे राहाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की मराठ्यांच्या धास्तीने एक व्हाइसरॉय याच पेटीपुढे गुडघे टेकून बसला होता.

इन्क्विझिशन आणि देवळं पाडल्याचा इतिहास माहीत असताना इथे जावं का?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देते. इतिहास खरा आहे. तिसवाडी, साष्टी, बारदेशातली देवळं सोळाव्या शतकात पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेली, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप असलेल्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, आणावं असं झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रातून सुचवलं होतं. ते १५६० मध्ये आलं, तो वारल्यानंतर, आणि १८१२ मध्ये कायमचं संपलं. त्याचा वाडा सी कॅथेड्रलजवळच होता, आज ती इमारत नाही. त्याची झळ नवख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांनाही भरपूर बसली.

तरीही मी जा असंच म्हणेन. सकाळी जुनं गोवं आणि दुपारी मंगेशी-शांतादुर्गा ही सहलीची ठरलेली वाट नीट पाहिली तर एकाच इतिहासाच्या दोन बाजू आहेत, एक जागा पाहून दुसरी टाळली तर निम्मंच कळतं. शिवाय आज तिथे गुडघे टेकणारी माणसं गोव्याचीच आहेत. त्यांच्यासाठी झेवियर ‘गोंयचो सायब’ आहे, आणि सायबाच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, हिंदू घरांतलेही लोक जातात. त्या श्रद्धेचा आदर आणि इतिहासाची आठवण या दोन्ही गोष्टी एका मनात सहज राहू शकतात.

फोटो काढता येतात का?

वास्तूचे, फ्लॅशशिवाय. आत माणसं उभी करून फोटो काढायला मनाई आहे आणि तशा पाट्या आहेत. वेदीकडे पाठ करून सेल्फी, रील, लग्नाआधीचं शूट, यातलं काहीही नको. बाहेर हवे तेवढे काढा.

रस्त्यावर मेणबत्त्या विकणारे मागे लागतात. घ्याव्यात का?

वाटलं तर घ्या, सक्ती नाही. आधी भाव विचारा. मेणाचे हात, पाय, डोळे, लहान बाळंही विकायला असतात. दुखणाऱ्या अवयवासाठी किंवा मूल व्हावं म्हणून नवस बोलणारे ते वाहतात. मेणबत्त्या बाहेर ठरवून दिलेल्या जागीच लावायच्या.

आसपास आणखी काय बघावं?

रस्त्यापलीकडे सी कॅथेड्रल. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणून ते एकांगी दिसतं. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. त्यामागे असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आणि त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, शुक्रवारी बंद. तिथे व्हाइसरॉयांच्या तसबिरींसोबत कदंबकालीन मूर्ती आणि वीरगळ आहेत. उघडं आहे का एवढं विचारून जा.

टेकडीवर संत ऑगस्टिनच्या चर्चचा उरलेला मनोरा आहे, सुमारे ४६ मीटर उंच, तोही जांभ्याचा. तिथल्या उत्खननात जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून ओळख पटली आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले.

वेळ असेल तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जा आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरा. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवर होतं. देव पुढे पलीकडच्या नार्व्याला गेला आणि तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला.

ज्येष्ठ माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर?

आत बाकं आहेत, बसता येतं. बाहेर मात्र ऊन कडक असतं आणि दोन चर्चमधलं अंतर चालावं लागतं. पाणी, टोपी, छत्री बरोबर हवीच. ऑगस्टिनच्या टेकडीवर गुडघे दुखणाऱ्यांना चालत नेऊ नका, गाडीने जा.

फेस्त कधी असतं? पुढचं शवप्रदर्शन कधी?

फेस्त दरवर्षी ३ डिसेंबरला. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या खास प्रार्थना, चालतात. पहाटेपासून मिस्सा, रस्त्यावर खाजे, चणे, भांडी, खेळणी यांची फेरी म्हणजे जत्रा, आणि गोव्याच्या कानाकोपऱ्यातून पायी येणारे भाविक. गर्दीची तयारी असेल तर या दिवसांत जरूर या. वास्तू बारकाईने बघायची असेल तर हा आठवडा सोडून या. ३ तारखेला गाड्या बऱ्याच लांब थांबवतात, त्यामुळे पणजीहून बसनेच येणं सोयीचं.

शवप्रदर्शन दहा वर्षांतून एकदा होतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. त्या हिशेबाने पुढचं २०३४ च्या अखेरीस. तेव्हा पेटी मिरवणुकीने सी कॅथेड्रलमध्ये नेतात आणि काचेतून शवाचं दर्शन तिथेच होतं, त्यामुळे रांग बॉम जिझसच्या दारात न लावता रस्त्यापलीकडे लावायची. पणजी आणि आसपासची हॉटेलं त्या दिवसांत भरतात, आरक्षण काही महिने आधी करा.